वीस वर्षे एकच रेणू : सेंद्रिय सौरघटातील इलेक्ट्रॉन-स्वीकारकाचा इतिहास

सेंद्रिय सौरघटांच्या इतिहासात १९९५ ते २०१५ हा वीस वर्षांचा कालखंड मोठा विलक्षण आहे. या घटांत दोन पदार्थांची जोडी लागते : प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन देणारा दाता आणि तो घेणारा स्वीकारक. या वीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी शेकडो नवे दाते घडवले, त्यांच्या कड्या बदलल्या, शाखा बदलल्या, एकेका अणूची जागा बदलून पाहिली. स्वीकारक मात्र बहुतेक सर्वत्र एकाच कुळातला राहिला : फुलरीन आणि त्याचे विद्राव्य रूप पीसीबीएम. जोडीतील एका भागीदारावर इतकी मेहनत आणि दुसऱ्याकडे इतके दुर्लक्ष कसे झाले, आणि ते संपल्यावर काय घडले, हा या विषयाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. भारतीय रसायनशास्त्रज्ञांचाही त्यात वाटा आहे आणि पुढे काय व्हावे याच्याशी भारताचा संबंध तर थेट आहे.

स्वीकारकाची गरजच का पडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. सिलिकॉनमध्ये प्रकाशकण शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, जवळजवळ लगेच एकमेकांपासून मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थांचे तसे नसते. सिलिकॉनचा परावैद्युतांक १२ च्या जवळपास असतो, तर बहुतेक सेंद्रिय पदार्थांचा ३ ते ४. विरुद्ध विद्युतभारांमधील ओढ त्यामुळे येथे फारशी झाकली जात नाही. इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना धरून राहतात. या बद्ध जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती तोडायला साधारण ०.३ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणारी ऊर्जा असते अवघी ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तेव्हा ही जोडी आपोआप सुटत नाही. तिच्या शेजारी इलेक्ट्रॉनची अधिक ओढ असलेला दुसरा रेणू असेल, तरच इलेक्ट्रॉन तिकडे जातो आणि वीज हाती लागते.

पहिली यशस्वी जोडी जमवली ती अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग तांग यांनी. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुपदरी घटाची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. म्हणजे घटावर पडलेल्या प्रकाशऊर्जेच्या शंभरातील एक भाग विजेत उतरत होता. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तोवरच्या सेंद्रिय घटांच्या तुलनेत ती मोठी झेप होती. त्यांनी निवडलेले दोन्ही पदार्थ रंगांच्या दुनियेतले होते. दाता होता कॉपर थॅलोसायनीन, म्हणजे छपाईच्या शाईत आणि रंगांत वापरले जाणारे गडद निळे रंगद्रव्य. भारतात, विशेषतः गुजरातमध्ये, त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. स्वीकारक होता पेरिलीनपासून बनवलेला एक रेणू, मोटारींच्या लाल रंगांत वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्यांचा नातलग. या क्षेत्राचा पहिला गाजलेला स्वीकारक फुलरीन नव्हता, ही गोष्ट पुढच्या काळात जवळजवळ विसरली गेली.

विसरण्याचे कारण कार्बनच्या एका चेंडूत होते. १९८५ मध्ये हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी ६० कार्बन अणूंचा पोकळ रेणू शोधून काढला. १९९० मध्ये तो ग्रॅमच्या प्रमाणात तयार करण्याची रीत सापडली आणि जगभरचे रसायनशास्त्रज्ञ त्याच्यामागे लागले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आर. राव यांच्या गटानेही नव्वदच्या दशकाच्या आरंभी फुलरीनवर संशोधन सुरू केले. १९९२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील प्रयोगशाळेत सारिचिफ्त्ची, हीगर, वूडल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रकाशाने उद्दीपित झालेल्या पॉलिमरमधून फुलरीनकडे इलेक्ट्रॉन अतिशय वेगाने, सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही हजाराव्या भागाहून कमी काळात जातो. एक्सायटॉनला विझून जायला वेळच मिळत नाही.

तरी एक अडचण उरत होती. एक्सायटॉन आपल्या आयुष्यात साधारण १० नॅनोमीटर अंतरच चालतो. पण पुरेसा प्रकाश शोषायला थर त्याच्या किमान दहापट जाड लागतो. दोन थर एकमेकांवर ठेवले, तर सीमेपासून दूर जन्मलेले बहुतेक एक्सायटॉन वाटेतच संपतात. यावर १९९५ मध्ये उपाय निघाला : दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात विरघळवायचे आणि सुकताना त्यांना एकमेकांत गुंतू द्यायचे. मग सीमा सर्वत्र पसरते आणि प्रत्येक एक्सायटॉनला स्वीकारक हाताशी मिळतो. त्यासाठी फुलरीन द्रावकात विरघळायला हवे होते. यान हुमेलेन, फ्रेड वूडल आणि सहकाऱ्यांनी त्याला एक सेंद्रिय शेपूट जोडून ते साध्य केले. तोच पीसीबीएम.

पीसीबीएमचे गुण खरेच मोठे होते. तो जवळजवळ गोल असल्याने कोणत्याही बाजूने शेजाऱ्याला भिडतो. इलेक्ट्रॉनला पुढच्या रेणूवर उडी मारायला ठरावीक दिशा लागत नाही. एका चेंडूवर अनेक इलेक्ट्रॉन सामावतात. पॉलिमरमध्ये मिसळला की तो योग्य आकाराचे कण आपोआप बनवतो. नवा दाता तयार करणाऱ्याला दुसऱ्या बाजूची चिंताच उरली नाही. पीसीबीएम विकत आणावा, मिसळावा आणि घट मोजावा. सोयीचे उत्तर हाती असले की प्रश्न विचारण्याची गरज वाटत नाही. स्वीकारकाच्या बाबतीत नेमके तेच झाले.

या सोयीची किंमत होती. फुलरीन दृश्य प्रकाश फार थोडा शोषतो, त्यामुळे घटाचा साधारण अर्धा भाग प्रकाश गोळा करण्याच्या कामी जवळजवळ येतच नव्हता. त्याच्या ऊर्जापातळ्या रासायनिक बदलांनी फारशा हलत नाहीत. म्हणून विद्युतदाब वाढवायचा तर सगळा भार दात्यावर पडे. दात्याकडून फुलरीनकडे जाताना इलेक्ट्रॉनची बरीच ऊर्जा वाया जाई. शोषलेल्या प्रकाशाच्या हिशेबाने हा तोटा अनेकदा ०.८ व्होल्टच्या घरात असे. फुलरीन बनवणे आणि शुद्ध करणे खर्चीक होते. शिवाय तापल्यावर हे चेंडू मिश्रणातून सरकून एकत्र येत, त्यांचे स्फटिक वाढत आणि दात्याशी असलेली गुंतागुंत मोडे. उष्ण देशासाठी हा दोष किरकोळ नव्हता. दात्यांच्या रचनेत अपार कौशल्य ओतूनही फुलरीन-घटांची कार्यक्षमता २०१६ च्या सुमारास ११ टक्क्यांच्या थोडी पुढे जाऊन थांबली.

या काळात भारतातही सेंद्रिय सौरघटांचे काम रुजले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात के. एस. नारायण यांचा गट अर्धवाहक पॉलिमरांच्या प्रकाश-विद्युत गुणधर्मांवर काम करत होता. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि आयआयटी कानपूर येथे घट बनवण्याचे काम चालू होते. भारतीय विज्ञान संस्थेत सतीश पाटील यांच्या गटाने डायकीटोपायरोलोपायरोल या रंगद्रव्य-गाभ्यावर आधारलेले पॉलिमर आणि लहान रेणू घडवले. हा गाभा मुळात तेजस्वी लाल रंगद्रव्यांचा. रंगाचे रसायनशास्त्र आणि विजेचे रसायनशास्त्र पुन्हा एकदा एका टेबलावर आले होते.

फुलरीनला पर्याय शोधणारे काही जण या सगळ्या काळात होतेच. त्यांची पहिली आशा तांग यांच्याच पेरिलीन-कुळावर होती. पेरिलीन डायइमाइड स्वस्त, टिकाऊ आणि प्रकाश भरपूर शोषणारा; इलेक्ट्रॉनही आनंदाने घेतो. त्याचा दोष सपाटपणाचा. सपाट रेणू पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवर रचले जातात, मिश्रणात मोठमोठे स्फटिक तयार होतात आणि एक्सायटॉनला १० नॅनोमीटरच्या आत सीमा सापडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे रेणूला पीळ देणे : दोन पेरिलीन-गाभे अशा बंधाने जोडायचे की ते एकमेकांशी तिरपे राहतील आणि थप्पी लागणार नाही. फार पीळ दिला तर इलेक्ट्रॉनची वाट तुटते, कमी दिला तर स्फटिक वाढतात. या तडजोडीतून कार्यक्षमता हळूहळू वर गेली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रश्न नीट मांडला गेला. स्वीकारकाचा आकार, त्याची रचून बसण्याची तऱ्हा, त्याचे प्रकाशशोषण आणि त्याची ऊर्जापातळी या चारही गोष्टी एकाच रेणूत कशा साधायच्या?

२०१५ मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातील शियाओवेई झान यांच्या गटाने त्याचे एक उत्तर दिले. झान २००७ पासूनच फुलरीनेतर स्वीकारकांच्या मागे होते. त्या वर्षी त्यांनी पेरिलीनचा एक पॉलिमर-स्वीकारक प्रसिद्ध केला होता. नव्या रेणूचे नाव आयटीआयसी. त्याच्या मध्यभागी सात वलये एकमेकांत वितळल्यासारखी जोडलेली, त्यामुळे गाभा ताठ आणि सपाट. हा गाभा इलेक्ट्रॉन-संपन्न. दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट, ज्यांत दोन-दोन सायनो गट बसवलेले. गाभा देतो, टोके ओढतात. या अंतर्गत ओढाताणीमुळे रेणू लाल आणि अवरक्ताजवळचा प्रकाश जोमाने शोषतो. गाभ्यातून वर-खाली निघालेल्या चार शाखा कुंपणासारखे काम करतात : गाभे एकमेकांवर चिकटून बसत नाहीत, टोके मात्र शेजारच्या रेणूच्या टोकांना भिडतात. इलेक्ट्रॉन एका टोकावरून दुसऱ्या रेणूच्या टोकावर असा पुढे जातो. पेरिलीनने विचारलेल्या चार प्रश्नांना येथे रेणूच्या वेगवेगळ्या भागांनी उत्तर दिले होते.

पहिल्या घटाची कार्यक्षमता ६.८ टक्के होती. तो विक्रम नव्हता. पण आता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येत होता. टोकांवर फ्लोरीन बसवा, ऊर्जापातळी खाली सरकते. शाखा बदला, रचून बसण्याची तऱ्हा बदलते. योग्य दाता मिळताच २०१६ मध्ये आयटीआयसीच्या घटाने ११ टक्के ओलांडले. पुढच्याच वर्षी टोकांवर फ्लोरीन बसवलेल्या त्याच्या भावंडाने बीजिंगमधील जियानहुई होऊ यांच्या गटात १३ टक्के गाठले. दात्यांच्या मागे वीस वर्षे घालवून जेथवर पोहोचता आले, तो टप्पा स्वीकारकाने दोन वर्षांत मागे टाकला.

याच सुमारास एक पक्के मानलेले सूत्रही डळमळले. एक्सायटॉन तोडायचा तर दाता आणि स्वीकारक यांच्या ऊर्जापातळ्यांत साधारण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा उतार हवाच, असे मानले जाई. फुलरीन-घटांच्या अनुभवातून ते आले होते. २०१६ मध्ये हाँगकाँगमधील हे यान यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी उतार फारच कमी असलेल्या फुलरीनेतर घटातही भार वेगाने सुटे होतात, असे दाखवले. निसर्गाचा नियम समजले गेलेले हे बंधन बऱ्याच अंशी एका विशिष्ट रेणूच्या सवयीचे होते. सगळ्यांनी एकच स्वीकारक वापरला, तर त्याचे स्वभावदोष शास्त्राचे नियम म्हणून पाठ्यपुस्तकांत शिरतात, हे यातून उघड झाले.

पुढचा टप्पा चांग्शा येथील सेंट्रल साउथ विद्यापीठात आला. २०१९ च्या जानेवारीत यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने वाय-६ हा रेणू जाहीर केला. आयटीआयसीचा गाभा सर्वत्र इलेक्ट्रॉन-संपन्न होता. वाय-६ च्या गाभ्याच्या मधोमध बेंझोथायाडायाझोल हा इलेक्ट्रॉन ओढणारा घटक बसवला गेला. मध्यभाग ओढतो, त्याच्या दोन्ही बाजू देतात, टोके पुन्हा ओढतात. या रचनेमुळे शोषण ९०० नॅनोमीटरच्या पुढे गेले. रेणू सरळ न राहता किंचित वाकडा, केळ्यासारखा झाला आणि स्फटिकात अशा रेणूंनी इलेक्ट्रॉनला अनेक दिशांनी वाटा असलेले जाळे विणले. फुलरीनचा जो गुण सर्वांत हेवा करण्याजोगा होता, तो आता चेंडूविना मिळत होता. पहिल्याच शोधनिबंधात कार्यक्षमता होती १५.७ टक्के, आणि विद्युतदाबाचा तोटा सुमारे अर्ध्या व्होल्टवर आला होता. वाय-६ आणि त्याच्या वंशजांच्या जोरावर २०२४ पर्यंत प्रयोगशाळेतील लहान घट २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

या वळणावर संगणकाची भूमिका काय होती, हेही पाहण्यासारखे आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पाने २००८ पासून जगभरच्या स्वयंसेवकांचे संगणक जोडून लाखो सेंद्रिय रेणूंची गणिते केली आणि पुढे त्यांचा संग्रह खुला केला. एकट्या रेणूची ऊर्जापातळी आणि शोषण सांगण्यात अशी गणिते उपयोगी ठरली. पण घटाचे भवितव्य हजारो रेणू सुकताना एकमेकांशेजारी कसे बसतात यावर ठरते, आणि ते भाकीत आजही अवघड आहे. आयटीआयसी आणि वाय-६ यांच्यामागे काचपात्रासमोर घालवलेली वर्षे आणि आधीच्या रेणूंचे अपयश नीट वाचण्याची सवय होती.

भारतातील प्रयोगशाळांनी स्वीकारकाच्या प्रश्नाला स्वतःच्या वाटेने हात घातला. आयआयटी इंदूरमध्ये राजनीश मिश्रा यांच्या गटाने टेट्रासायनोब्युटाडाइन हा चार सायनो गटांचा, इलेक्ट्रॉन जोरात ओढणारा घटक हाताशी धरला. तो रेणूत बसवायची अभिक्रिया मोठी सुबक आहे. कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेला रेणू घ्यायचा आणि त्यावर टेट्रासायनोइथिलीनची क्रिया करायची. महाग धातूचे उत्प्रेरक लागत नाहीत आणि अनेकदा खोलीच्या तापमानालाच काम होते. या घटकामुळे रेणूला पीळही पडतो, म्हणजे पेरिलीनचा जुना दोष टळतो. इंदूरच्या अशा अनेक रेणूंचे घट जयपूरच्या एलएनएमआयआयटी संस्थेतील गणेश शर्मा यांच्या सहकार्याने बनवले आणि मोजले गेले. गोवा विद्यापीठात शेषनाथ भोसले यांनी परदेशी सहकाऱ्यांसह नॅफ्थलीन डायइमाइडच्या गाभ्यावर स्वीकारक रचले. हा पेरिलीन डायइमाइडचाच धाकटा, कमी वलयांचा भाऊ.

या रेणूंनी जागतिक विक्रम केला नाही. तरी त्यांचे महत्त्व केवळ टक्क्यांत मोजणे चुकीचे ठरेल, कारण स्वीकारकाच्या कहाणीतील उरलेला पेच नेमका तेथेच आहे जेथे या वाटा जातात. वाय-६ सारखा रेणू बनवायला अनेक पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीत काही माल वाया जातो, काही द्रावक खर्ची पडतो. किलोग्रॅमच्या प्रमाणात बनवायचा तर पायऱ्यांची संख्याच किंमत ठरवते. थोड्या पायऱ्यांत होणारा, साध्या कच्च्या मालातून निघणारा स्वीकारक दोन-तीन टक्के कमी कार्यक्षम असला तरी कारखान्याच्या दारात तोच आधी पोहोचू शकतो.

दुसरा पेच टिकाऊपणाचा. आयटीआयसी आणि वाय-६ या दोघांतही टोकाचा गट गाभ्याला एका दुहेरी बंधाने जोडलेला असतो. रेणू बनवताना हा बंध सहज जुळतो, म्हणून तो रसायनशास्त्रज्ञांना प्रिय. पण तोच रेणूचा कच्चा दुवाही आहे. घटात सर्रास वापरल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या थराजवळ अतिनील किरण पडले की तेथे रेणू तुटू लागतो. अमाइन गट असलेले काही थरही त्याच बंधावर हल्ला करतात. शिवाय भारतीय उन्हाळ्यात छतावरच्या सौरपॅनेलचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. त्या तापात मिश्रणातील रेणू हळूहळू जागा बदलतात आणि काळजीपूर्वक जमवलेली रचना विसकटते. सौम्य हवामानात घेतलेली टिकाऊपणाची मोजमापे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. ती येथेच घ्यावी लागतात.

सिलिकॉनशी बरोबरी करण्याचा प्रश्नही आता वेगळ्या रीतीने पाहावा लागतो. राष्ट्रीय सौर अभियान २०१० मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या आरंभी देशाची स्थापित सौरक्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. तिचा बहुतांश भाग सिलिकॉनचा आहे. सिलिकॉन पॅनेल स्वस्त झाले, दोन-अडीच दशके टिकतात आणि मैदानात उभे करायला त्यांना प्रतिस्पर्धी नाही. सेंद्रिय घटांची जागा सिलिकॉन जेथे जात नाही तेथे आहे : खिडकीची अर्धपारदर्शक काच, हरितगृहाचे छप्पर, घरातल्या दिव्याच्या उजेडावर चालणारी छोटी संवेदक यंत्रे, गुंडाळून नेता येईल असा हलका पत्रा. अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश जाऊ देणारी काच ही तर फुलरीनच्या काळात जवळजवळ अशक्य होती. ती कल्पना व्यवहार्य झाली स्वीकारकाचे शोषण हवे तेथे सरकवता येऊ लागल्यावर.

भारताजवळ या कामासाठी लागणारी एक गोष्ट आधीपासून आहे, ती म्हणजे रंगद्रव्ये आणि औषधे टनांच्या प्रमाणात बनवण्याचा अनुभव. तांग यांच्या घटातला निळा दाता ज्या प्रकारच्या कारखान्यांत बनतो, त्यांना बहुपायरी संश्लेषण आणि शुद्धीकरण नवे नाही. उणीव आहे ती मधल्या दुव्याची. एका शहरात रेणू बनतो, दुसऱ्या शहरात त्याचा काही चौरस मिलिमीटरचा घट बनतो, शोधनिबंध प्रसिद्ध होतो आणि बहुतेक वेळा प्रवास तेथेच थांबतो. हातभर लांबीच्या पत्र्यावर तोच थर छापून तो मे महिन्याच्या उन्हात वर्षभर टिकतो का, हे पाहणारी व्यवस्था जितकी हवी तितकी उभी राहिलेली नाही.

१९८६ च्या घटात दाता आणि स्वीकारक दोघेही घडवता येण्याजोगे रंग होते. मधल्या काळात एक अप्रतिम चेंडू मिळाला आणि निम्मा प्रश्न सुटला असे सर्वांनी धरून चालले. पेरिलीनच्या त्या जुन्या वाटेवर परत येऊन, तिचे दोष एकेक करून दूर केल्यावरच कार्यक्षमता १ टक्क्यावरून २० टक्क्यांपर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. आज वाय-६ च्या कुळाने तीच सोयीची जागा घेतली आहे. जगभरचे बहुतेक नवे स्वीकारक त्याच साच्यातून निघतात. इंदूर, जयपूर, गोवा किंवा बंगळुरू येथील एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत या साच्याबाहेरचा, सहा टक्क्यांवर थांबलेला रेणू असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी त्याच्या पायऱ्या मोजाव्यात, त्याला उन्हात ठेवून पाहावे. आयटीआयसीची सुरुवातही ६.८ टक्क्यांवरच झाली होती.